कार्बनचं स्वतःचं विमान

कार्बनचा मेव्हणा विमानावर बसला, तेव्हा विमान खुर्चीत वाळत होतं. कट्‌ असा आवाज झाला. मेव्हणा अर्धवट उठला आणि म्हणाला, “भाऊजी, इथं काहीतरी टोचतंय.”

टोचत होतं ते डाव्या पंखाचं टोक. समुद्रावर गस्त घालणारं, पाण्यावरच उतरणारं, बोटीच्या पोटाचं ते जुन्या काळातलं विमान. कार्बनने त्याचं हातभर लांबीचं मॉडेल अख्खा हिवाळा खपून, खऱ्या विमानाशी खिळा न्‌ खिळा ताडून बनवलं होतं. रविवारी मॉडेल क्लबचं प्रदर्शन होतं.

“खुर्चीत कोण ठेवतं विमान?” बायको भावाच्या मदतीला धावली. “खुर्ची बसायलाच असते ना?”

“टेबलावर तुझ्या भावाची बॅग आहे.”

“मग पाहुण्यानं बॅग कुठं ठेवायची?”

पाहुणा ‘चार दिवसांसाठी’ आला होता आणि आता त्याची दाढीची पेटीसुद्धा न्हाणीघरात कायमची मुक्कामाला होती.

“चिकटवा की,” मेव्हणा म्हणाला.

“सांधा दिसेल. ‘हुबेहूब’ विभागात सांधा दिसला की संपलं.”

“मग दुसरा पंखपण तेवढाच तोडा. दोन्ही सारखे!”

कार्बनच्या मनात त्या क्षणी जे आलं ते नातेवाईकाबद्दल येऊ नये. पण मग त्याने तुटलेलं टोक उचलून उजव्या पंखाशी लावून पाहिलं.

कार्बन हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात तो साहेबांच्या नकाशांच्या नकला काढायचा. नकाशाखाली काढणाऱ्या साहेबांची सही, तपासणाऱ्या मोठ्या साहेबांची सही, आणि कोपऱ्यात ‘नक्कल’ या शब्दापुढे, डोळे बारीक केले तरच दिसेल अशी याची. त्याची रेघ मूळ रेघेपेक्षा सरळ यायची, पण सरळ रेघेला विचारतो कोण? “हा शिंकला तरी दुसऱ्याची शिंक बघून शिंकेल,” असं साहेब एकदा सगळ्यांदेखत म्हणाले होते. सगळे हसले. कार्बनही हसला, आणि ते त्याला जे लागलं ते लागलंच. मरायच्या आधी एक तरी वस्तू अशी करायची की लोक म्हणतील ‘ही याची’, एवढीच त्याची इच्छा होती.

क्लबात ‘काल्पनिक’ नावाचा दुसरा विभाग होता. जी विमानं कधी झालीच नाहीत पण होऊ शकली असती, ती तिथे मांडायची. कार्बन इतकी वर्षं त्याला ‘थापाड्यांचं टेबल’ म्हणत आला होता. आता त्याने करवत घेतली आणि उजवा पंखही कापला.

समजा, दूरच्या एखाद्या तळावर या विमानाचा पंख मोडला. नवा मिळायचा नाही. मग दुसराही तेवढाच कापणार. आखूड पंखांना वजन झेपणार नाही, म्हणून तोफा आणि बॉम्ब काढणार. मग बिनतोफांचं विमान काय करणार? बुडणारे कोळी वाचवणार! त्यांना आत ओढायला कुशीत मोठं दार हवं. दार डावीकडे, कारण वैमानिक डावीकडे बसतो, त्याला पाण्यातला माणूस दिसायला हवा. एकातून एक सुचत गेलं. कार्बनला जेवणाची शुद्ध राहिली नाही. आयुष्यात पहिल्यांदा समोर मूळ कागद नव्हता, तरी हात चालत होता.

“हे कुठलं विमान?” बायकोने विचारलं.

“कुठलंच नाही. माझं.”

“म्हणजे सगळं तुमच्या डोक्यातनं आलं?” तिने विमान हातात घेऊन दार उघडून पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. असं तिने त्याच्याकडे लग्नानंतर क्वचितच पाहिलं असेल. संध्याकाळपर्यंत तिने शेजारणींना सांगून टाकलं. मेव्हण्याने ‘आयडिया माझी’ हेही सांगून टाकलं.

रविवारी परीक्षक आले ते एक निवृत्त वैमानिक. ‘काल्पनिक’च्या टेबलापाशी ते थबकले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“हे इथं कोणी ठेवलं? हे विमान होतं! एकच होतं. मी उडवलंय ते! ट्रक मागे घेताना ड्रायव्हरनं पंख उडवला, म्हणून आम्ही दुसरापण कापला!”

कार्बनचं लक्ष नकळत मेव्हण्याकडे गेलं.

“फोटो कुठं मिळाला तुम्हाला? आमच्या तळावर फोटोला बंदी होती.”

“फोटो नाही साहेब. मी... मनानं केलं.”

“आणि दार बरोबर डावीकडे आलं?”

“वैमानिकाला पाण्यातला माणूस दिसायला हवा, म्हणून...”

“अहो, तेच कारण होतं! हे आतलं माणूसच सांगू शकतं. कोण भेटलं तुम्हाला?”

कार्बन जितकं पटवून देई तितका खोलात जाई. त्याचं प्रत्येक कारण खरं निघत होतं आणि प्रत्येक खऱ्या कारणाने तो खोटा ठरत होता. भोवती गर्दी जमली. कोणीतरी ‘छपवाछपवी कशाला’ असं पुटपुटलं.

“अहो,” बायको कानाशी लागली, “सांगून टाका ना. बघून केलं म्हणून कोणी फासावर देत नाही.”

गर्दीचं त्याला काही वाटलं नव्हतं. हे मात्र काळजात घुसलं. ती रागावलेली नव्हती, उलट त्याला सांभाळून घेत होती, म्हणून जास्तच.

“कटिंगच्या दुकानात,” कार्बन म्हणाला. “नंबर लागायचा होता. एक जुनं मासिक पडलेलं, कव्हर फाटलेलं. मधल्या पानावर फोटो होता. त्यावर कोणीतरी चहाचा कप ठेवलेला, त्याचा गोल डाग. डागाच्या आत दार दिसत होतं.”

“तरीच!” परीक्षक म्हणाले. “आणि ते मासिक?”

“दुकानच गेलं. आता तिथं चष्मे मिळतात.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. असं सरळ सांगितलं असतं तर एवढा घोळ झाला नसता, असं सर्वांचं मत पडलं.

“ते मासिक मीपण चाळलंय,” मेव्हणा पुढे सरसावला. “भाऊजी, तो कप माझाच असणार.”

विमान उचलून ‘हुबेहूब’च्या टेबलावर नेण्यात आलं आणि त्याला पहिलं बक्षीस मिळालं. “या माणसाचं मोठेपण कशात आहे?” परीक्षक माइकवरून म्हणाले. “यानं स्वतःचं म्हणून काही, अगदी काही म्हणजे काही घातलेलं नाही!” टाळ्यांचा कडकडाट झाला. फोटो काढताना मेव्हणा मधे उभा राहिला.

घरी जाताना बक्षिसाची ढाल बायकोच्या मांडीवर होती. ती खूश होती.

“मला तरी आधी सांगायचं, त्या मासिकाचं,” ती म्हणाली.

“राहून गेलं,” कार्बन म्हणाला.