तिसरा आग्रह

स्वसंरक्षण या विषयावर अख्ख्या पनवेलमध्ये आपल्याइतका अभ्यास कुणाचा नाही, असं शैलेश कर्णिकनं एस. टी. स्टँडजवळच्या आपल्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात जाहीर केलं, तेव्हा त्यानं आयुष्यात कुणाला साधी चापटही मारलेली नव्हती. मार खाल्ला होता, पण तो शाळेत आणि मास्तरांचा. तो काही अनुभवात धरायचा नसतो.

आता हे खूळ डोक्यात शिरलं कुठून, तर पोरीच्या साध्या प्रश्नातून. समृद्धी ही त्याची एकुलती एक लेक. नोकरीला खारघरला. संध्याकाळी परतताना स्टेशनावर रिक्षा मिळाली नाही की विचुंब्याच्या घरापर्यंत चालत यावं लागे, म्हणून एक दिवस तिनं विचारलं, बाबा, कराटेचा क्लास लावू की ज्युदोचा? दुसऱ्या कुठल्याही बापानं जवळचा क्लास बघून नाव घातलं असतं आणि विषय मिटवला असता. पण शैलेशच तो! तो म्हणाला, "घाई करू नकोस. आधी मी तौलनिक अभ्यास करतो."

आणि केला की! दोनशे पानी वही आणली, पट्टीनं रकाने आखले आणि रोज जेवण झालं की मोबाईलवर व्हिडिओ बघून एकेका विद्येला दहापैकी गुण द्यायला सुरुवात केली. तायक्वांदोला तीन, कारण त्यात लाथ समोरच्याच्या कानापर्यंत न्यावी लागते, आणि शैलेशची लाथ स्कूटरच्या पायदानाच्या वर जात नव्हती. बॉक्सिंगला चार, कारण चोर भेटल्यावर त्याला थांब जरा, ग्लोव्हज घालतो, असं म्हणता येत नाही. ज्युदोमध्ये समोरच्याचे कपडे धरून त्याला आपटायचं असतं. पनवेलच्या उकाड्यात गुंड बनियनवर आला तर धरणार काय? पाच. जुजुत्सू जमिनीवर लोळून लढायची विद्या. स्टँडसमोर लोळलात तर गुंडाच्या आधी रिक्षा अंगावर येईल, म्हणून दोन. कुस्तीलाही दोनच, कारण लंगोट. कराटेला सहा दिले, ते कवायत नीटनेटकी वाटली म्हणून. आणि क्राव मागा नावाच्या इस्रायली विद्येला दिले साडेनऊ! त्यात नियम नाहीत, नमस्कार नाही, वेळ घालवणं नाही. कुणी मागून मनगट धरलं की अंगठ्याच्या बाजूनं हात पिळून सोडवायचा, तेच कोपर मागच्याच्या बरगडीत घालायचं, पाय त्याच्या पायामागे अडकवायचा आणि तो पडला की पवित्र्यात उभं राहून मोठ्यानं ओरडायचं. व्हिडिओतला टकल्या माणूस पुन्हा पुन्हा बजावत होता की विचार करत बसलात तर मेलात. हे डोक्याला नाही, हाताला कळलं पाहिजे.

तिकडे वाट बघून कंटाळलेल्या समृद्धीनं केव्हाच शेजारच्या बिल्डिंगमधला क्लास लावलासुद्धा. पण बापाचा अभ्यास थांबला नाही.

हाताला कळावं म्हणून शैलेशनं कामाला लावलं यूनुसला. यूनुस त्याच्या शेजारच्या टेबलावरचा, वीस वर्षांचा दोस्त, सरळमार्गी माणूस. रोज दोन कटिंग चहाच्या बोलीवर यूनुसनं दिवसात कधीही, न सांगता, मागून येऊन शैलेशचं डावं मनगट धरायचं. पहिला आठवडा नुसतीच ओढाताण झाली. दुसऱ्या आठवड्यात यूनुस कपाटावर आपटला. तिसऱ्या आठवड्यात शैलेश फोनवर बोलता बोलता, मान न वळवता, त्याला पाडायला लागला. बरगड्यांना बाम चोळत यूनुस म्हणाला, "शैलेशभाई, तुमच्या हाताला आता सगळं कळतंय. फक्त माणूस कळत नाही. खुदा के वास्ते, हे ऑफिसातच ठेवा."

शैलेशनं हे कौतुक म्हणून घेतलं. माणसाचे दिवस फिरले की त्याला सगळंच कौतुक वाटतं.

त्याच सुमारास समृद्धीचं लग्न ठरायला आलं. मुलगा आर्यन, तिच्याच ऑफिसातला, दोघांनी एकमेकांना पसंत केलेलं, उरणजवळच्या करंजाचा. घर कोळ्यांचं, समुद्रावर पोट भरणारं, मोठ्या मनाचं. घरात शब्द चालायचा तो आजोबांचा, बुधाजींचा. पन्नास वर्षं होडीवर काढलेला सत्तरीतला माणूस. त्यांनी हो म्हटलं की हो, नाही म्हटलं की आर्यनच्या बापाचीसुद्धा पुढे बोलायची टाप नव्हती. म्हणून रविवारी सगळ्यांनी करंजाला जायचं ठरलं, आणि निघण्याआधी समृद्धीनं आईबापांना समोर बसवून हात जोडले. "बाबा, आजोबांना तुम्ही आवडायला हवं. बाकी काही करू नका. वही तर अजिबात काढू नका."

किशोरीनं, म्हणजे शैलेशच्या बायकोनं, गाडीत आणखी एक नियम घालून दिला. हा तिच्या माहेरचा, जुन्या पनवेलातला, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला नियम. जेवायला बसा म्हटलं की लगेच बसायचं नाही, अधाशासारखं दिसतं. दोनदा नको म्हणायचं. तिसऱ्या आग्रहाला बसायचं.

आता मासळी म्हणजे शैलेशचा जीव की प्राण. त्यात करंजाच्या कोळ्याचं घर! अंगणात पाऊल टाकलं तेव्हाच त्याला सगळं दिसलं होतं. चुलीवर तांदळाच्या भाकऱ्या फुगत होत्या, सुरमईच्या तुकड्या मसाला लावून मुरत ठेवल्या होत्या आणि पायरीजवळ एका थोरल्या परातीत सोललेली, हळद-मीठ लावलेली कोलंबी चुलीवर चढायची वाट बघत होती. बोलणी दोन तास चालली. ती उत्तम झाली. बुधाजी पांढरा लेंगा, पांढरा सदरा घालून बसले होते, शैलेशशी गोडीनं बोलले, समृद्धीच्या डोक्यावर हात ठेवून पोर गुणाची हाय म्हणाले. शैलेश हो हो करत होता, पण त्याचं अर्धं लक्ष परातीत होतं.

आर्यनची आई शशिकलाबाई म्हणाल्या, आता जेवूनच जायचं. शैलेश म्हणाला, नको, कशाला त्रास. मग आर्यनचे वडील म्हणाले, असं कसं, पानं मांडायला घेतलीत. शैलेश दुसऱ्यांदा म्हणाला, नको नको, खरंच निघतो. दोन झाले! आता तिसऱ्याची वाट बघायची. तो उगाच उठला, सावकाश पायरीपाशी गेला आणि उजव्या हातानं बूट चढवू लागला. घालता घालता मनात म्हणत होता, बोला, बोला कुणीतरी. कोलंबी निवून जायची असती तर गोष्ट वेगळी, ती तर अजून शिजायचीये, पण माणसाला धीर किती धरवणार?

तिसरा आग्रह आला. पण तो तोंडानं नाही आला. आमच्या या खाडीपट्ट्यात पाहुणा जेवल्याशिवाय निघाला की त्याच्याशी वाद घालत नाहीत, त्याचा हात धरून त्याला पानावर आणून बसवतात. बुधाजी लगबगीनं मागून आले आणि त्यांनी शैलेशचं डावं मनगट धरलं.

पुढचं हातानं केलं. शैलेशनं नंतर शंभर वेळा सांगितलं की मी नव्हे, हातानं, पण हात त्याचाच होता त्याला कोण काय करणार? हात पिळून सुटला, कोपर बरगडीत गेलं, पाय मागे अडकला आणि बुधाजी, सगळ्या घरादाराचा शेवटचा शब्द, पांढऱ्याशुभ्र लेंग्यासकट कोलंबीच्या परातीत जाऊन बसले. एवढ्यावर भागलं असतं तरी म्हणता आलं असतं की धक्का लागला. पण हाताला पुढचंही पाठ होतं. शैलेश गर्रकन वळला, एका पायात बूट, एका पायात मोजा, दोन्ही मुठी हनुवटीपाशी, आणि टकल्यानं शिकवलं होतं तसा पोटातून ओरडला, "मागे हो! मागे हो म्हणतो ना!"

मागे व्हायचं कुठे? आजोबा तर परातीत होते.

अंगण असं गप्प झालं की चुलीवरची भाकरी करपून वास सुटला तरी कुणी हललं नाही. शैलेशला आधी आपल्या मुठी दिसल्या, मग मुठींच्या पलीकडे बुधाजी दिसले आणि मग बुधाजींच्या पलीकडे समृद्धी दिसली. तिचा चेहरा त्याला पुढे कित्येक दिवस झोपू देणार नव्हता. तिला राग आलेला नव्हता, तिची मान खाली गेली होती. लहानपणी शाळेच्या स्नेहसंमेलनात बाप स्टेजवर गायला उभा राहिला होता, तेव्हा तिनं अशीच मान खाली घातली होती. शैलेशला वाटलं, आत्ता इथं जमीन फाटावी. ती कुणासाठीच फाटत नाही.

आर्यननं धावत येऊन आजोबांना उठवलं. लेंगा मागून पिवळाधम्मक झाला होता. कुणीतरी बाई पदर तोंडाशी धरून म्हणाली, नवऱ्याआधी आजाला हळद लागली. त्यावर दोघीतिघी हसल्या आणि बुधाजींनी बघताच गप्प झाल्या. त्यांची करंगळी टम्म सुजली होती. शैलेश मुठी सोडून हात जोडत पुढे झाला, तर बुधाजी पटकन दोन पावलं मागे सरले. ती दोन पावलं शैलेशला कोपराच्या दहा तडाख्यांसारखी लागली.

"इवाई," व्याह्याला तिकडे म्हणतात तसं बुधाजी शांतपणे म्हणाले, "जेवायचं नाय, तर तोंडानं सांगायचं."

तोंडानं तर दोनदा सांगितलंच होतं. आणि तेच तर खोटं होतं.

घरी आल्यावर शैलेशनं वही समृद्धीपुढे ठेवली आणि फाडून टाक म्हणाला. तिनं फाडली नाही. गुणांचे रकाने वाचले, आणि एवढंच म्हणाली की क्लासच्या सरांनी पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवली होती. नको असेल तर नको म्हणायचं, मोठ्यानं म्हणायचं, आणि तिथून निघायचं. "तुम्ही नको म्हणालात आणि तिथेच घुटमळत राहिलात, बाबा. आजोबांनी काय समजायचं?" एवढं बोलून ती खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

तीन दिवस करंजाहून फोन नाही. शैलेशनं चार वेळा माफीचा फोन लावायला घेतला आणि चारही वेळा वाजायच्या आत बंद केला. ऑफिसात यूनुस टेबलाच्या पलीकडूनच चहा सरकवत होता. चौथ्या दिवशी शशिकलाबाईंचा फोन आला. तो किशोरीनं घेतला. बुधाजींनी निरोप दिला होता की साखरपुडा इथंच, आमच्या अंगणात करू. पोर चांगली हाय, बापाला आमी सांभाळून घेऊ.

समृद्धी रडली, किशोरी रडली. शैलेश बाथरूममध्ये जाऊन रडला, कारण निरोपातलं शेवटचं वाक्य त्याच्या वाट्याचं होतं.

साखरपुडा झाला. तेच अंगण, तीच पायरी, फक्त कोलंबीची परात या खेपेला घरात आत, दाराआड ठेवली होती. बुधाजींच्या करंगळीला अजून पट्टी होती. आल्यागेल्या प्रत्येकाच्या गळ्यात पडणं चाललं होतं. शैलेश दिसला की माणसं दोन हात लांबूनच नमस्कार करत आणि तो हलला की हळूच वाट देत. पंगत बसायची वेळ झाली. किशोरीला दोघी बायका दंडाला धरून ओढत घेऊन गेल्या. विचुंब्याहून आलेल्या शेजाऱ्यांनाही कुणी ना कुणी हाताला धरून बसवलं. यूनुस तर नको नको म्हणत उचललाच गेला. एक माणूस शैलेशसमोर, बराच समोर, येऊन उभा राहिला आणि जेवता का म्हणून त्यानं विचारलं. जन्माची सवय! शैलेशच्या तोंडून निघून गेलं, "नको, नको."

"बरं," म्हणून तो माणूस निघून गेला.

पहिल्याच नकोला विषय संपेल, हे किशोरीच्या माहेरच्या नियमात कुठेच नव्हतं. शैलेश पायरीपाशी गेला. बूट घातला, नाडी बांधली, सोडली, पुन्हा बांधली. आतून कोलंबीचा वास येत होता. डावा हात त्यानं पाठीमागे थोडा सैल सोडला होता. तुम्ही हसाल, पण खरंच सोडला होता. कुणीतरी येऊन धरावा म्हणून.

आणि कुणीतरी धरला. हात उसळायच्या बेतात होता. शैलेशनं डोळे मिटले आणि त्याला मनातल्या मनात दटावलं, गप, मेल्या, गप! हात गप राहिला.

"बाबा, जेवायला चला," समृद्धी म्हणाली. नवी साडी, कपाळाला ओलं कुंकू.

"मी नको म्हटलंय त्यांना."

"मग अजून इथे कशाला उभे आहात?"

ती मनगट घट्ट धरून त्याला अख्ख्या अंगणातून घेऊन गेली, आणि तो एका पायात बूट, एका पायात मोजा असा खाली मान घालून गेला. पंगतीत बुधाजींच्या समोरचं पान रिकामं होतं. ते त्याच्यासाठीच ठेवलं होतं, हे कुणी सांगितलं नाही. आजोबा उठले, रस्सा ढवळायची लांबलचक दांड्याची पळी घेतली, हात पोचेल तेवढ्या लांबून कोलंबी वाढली आणि म्हणाले, "घ्या इवाई. अजून घ्या."

आजोबांनी सहा वेळा वाढलं. शैलेशनं सहाही वेळा हो म्हटलं, आणि डावा हात, सगळ्यांना नीट दिसेल असा, मांडीखाली दाबून धरला.