उघडू नका, लोक बघताहेत

एका बाईंनी कचऱ्याची पिशवी ठेवायला दाराबाहेर पाऊल टाकलं आणि वाऱ्यानं मागे दार लागलं. आत गॅसवर दूध. बाहेर त्या, घरच्या गाऊनवर.

*

ठराव: जो दिसत नाही, तो नाही असे समजण्यात यावे. एकमताने मंजूर. गैरहजर सभासद सभेत दिसले नसल्याने त्यांचे मत विचारात घेण्याचा प्रश्न उद्भवला नाही.

*

उसासा पोटातून यावा. छातीतून आलेला उसासा कॅमेऱ्यावर खोकल्यासारखा दिसतो.

*

त्या महिन्यात हातोड्यांचा खप अचानक वाढला.

*

‘दादा, काळजी घे रे.’ हे लिहिणाऱ्या बाई आपल्या सख्ख्या भावाशी सामाईक गच्चीच्या वादावरून कित्येक वर्षं एक अक्षर बोलल्या नव्हत्या.

*

या सगळ्याचा एकमेकांशी संबंध आहे, आणि तो एका किल्लीवाल्यामुळे आहे.

बाजाराच्या दुमजली इमारतीत, जिन्याच्या तोंडाशी, त्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे कपाटाएवढी जागा: किल्ल्या घासायचं यंत्र, भिंतीवर कोऱ्या किल्ल्यांचे झुबके, एक स्टूल आणि स्टुलावर मामा. खरं तर ते एकाच भाचीचे मामा होते, पण सगळा बाजार त्यांना मामाच म्हणे. जागा लहान, पण मोक्याची. घराबाहेर अडकलेल्या माणसाचं डोकं ठिकाणावर नसतं. तो शोधाशोध करू शकत नाही. तो धापा टाकत बाजारात शिरे, समोरच मामा दिसत, आणि त्याचा जीव भांड्यात पडे.

मामांचा हात विलक्षण हलका होता. यायचं, वाकायचं, वाकडी तार आत घालायची, दाराला कान लावायचा. खट! अडकलेल्या माणसाची हकिगत अर्ध्यावर असतानाच दार उघडलेलं असे, आणि उरलेली हकिगत त्याला घरात जाऊन भिंतींना सांगावी लागे. मामांविरुद्ध लोकांची तक्रार असलीच तर एवढीच.

अशात व्यापारी संघानं परिपत्रक काढलं. संघाचे अध्यक्ष गाद्यांचे व्यापारी होते आणि संघाच्या गादीवर ते इतकी वर्षं बसले होते, की तिला आता त्यांच्याच आकाराचा खड्डा पडला होता. परिपत्रकात म्हटलं होतं: ‘सांप्रत काळी व्यवसायापेक्षा व्यवसायाची दृश्यमानता अधिक महत्त्वाची असल्याने प्रत्येक सभासदाने समाजमाध्यमांवर दिसणे बंधनकारक आहे. महिनाअखेरीस दृश्यमानता समिती मूल्यमापन करेल. अपुऱ्या दृश्यमानतेच्या सभासदांना तळघरातील पाण्याच्या टाकीमागे जागा देण्यात येईल, जेणेकरून जे मुळातच दिसत नाहीत ते इतरांच्या दृश्यमानतेच्या आड येणार नाहीत.’

मामांनी ते वाचलं आणि घरी जाऊन मामींना दाखवलं. अडकलेला माणूस तळघरात कशाला उतरेल?

“तुम्ही जा खुशाल तळघरात,” मामी म्हणाल्या. “पण सांगून ठेवते, गिऱ्हाइकाआधी उंदीर येतील.”

“मग करू काय?”

“भाचीला बोलवा. ती दिवसभर फोनमध्येच राहते. तिला तिथला पत्ता माहीत असेल.”

भाची आली. तिनं मामांचं पान उघडलं आणि फॉलोअर मोजले. एक ती स्वतः. दुसऱ्या मामी, ज्यांचं खातं भाचीनंच उघडलं होतं आणि ज्यांना त्याचा पत्ता नव्हता. तिसरी कुठल्याशा दूरदेशीची शेळीपालन संस्था. ती का आली हे तिलाही माहीत नसावं.

“हरकत नाही मामा,” भाची म्हणाली. “तू फक्त तुझं काम कर. मी शूट करते.”

मामांनी काम केलं. व्हिडिओ सुरू झाला आणि संपला. ज्यांनी पाहिला त्यांना वाटलं, नेटला रेंज नाही.

“हे काय रे मामा! माणूस बघायला लागेपर्यंत दार उघडलेलं?”

“अगं, तो माणूस बाहेर तिष्ठत होता!”

“तिष्ठतच होता ना? पळून चालला होता का? जरा हळू घे. आधी कुलपाकडे बघ. मग हताश हो.”

“मला हताश होता येत नाही.”

“मामीला आठव,” भाची म्हणाली.

मामांनी आठवलं, आणि पोटातून असा काही उसासा निघाला, की शेजारचा शिंपी कात्री टाकून धावत आला.

तो उसासा पहिल्यांदा कामी आला त्या दूधवाल्या बाईंच्या दारात. मामांनी कुलपाकडे पाहिलं. “अरेरे,” म्हणाले. कुलपात फुंकर मारली. मान हलवली. आत दूध उतू गेलं. मामांनी चष्मा पुसला. दूध करपलं. मामांनी घाम पुसला, जो आला नव्हता. फटीतून धूर यायला लागला तेव्हा भाचीनं मान डोलावली आणि मामांनी दार उघडलं. बाई इतक्या संतापल्या, की त्यांना समोरचं पातेलं सापडेना.

पण संध्याकाळी त्यांनी व्हिडिओ पाहिला. खाली लोकांनी लिहिलं होतं: ‘ताई, काय तुमचा संयम!’ ‘गाऊन कुठून घेतला?’ ‘या प्रसंगातून खूप शिकायला मिळालं.’ पुढच्याच आठवड्यात बाई पुन्हा घराबाहेर अडकल्या. या वेळी केस सेट केलेले होते, अंगावर ठेवणीतले कपडे होते आणि दाराला नवा निळा रंग होता.

“वारा फार सुटलाय हो या दिवसांत,” त्या म्हणाल्या. झाडाचं पान हलत नव्हतं.

वारा मग सगळीकडेच सुटला. माणसं भराभर आपल्याच घराबाहेर अडकू लागली. काही जोडप्यानं अडकले, एका घराण्यानं तीन पिढ्यांसह अडकून दाखवलं. मामांचे फॉलोअर शेळ्यांच्या कळपासारखे वाढले. भाचीनं कामाला शिस्त यावी म्हणून गिऱ्हाइकांचे दोन वर्ग पाडले: हौशी अडकलेले आणि निव्वळ अडकलेले. हौशींना वेळ ठरवून मिळे. निव्वळ अडकलेल्यांचं म्हणणं ऐकून घेतलं जाई.

एक मास्तर धावत आले. “मामा, चला लवकर! म्हातारी आत आहे. तिला ऐकू येत नाही आणि किल्ली तिच्याकडे आहे.”

मामा अर्धे उठले.

“दाराचा रंग?” भाचीनं विचारलं.

“रंग? राखाडी असेल.”

“आणि उजेड?”

“जिन्यात कुठला उजेड?”

“मग परवा सकाळी जमेल. जिन्यात ऊन येतं का ते कळवा.”

मास्तरांनी मामांकडे पाहिलं. मामांनी किल्ल्यांच्या झुबक्याकडे पाहिलं. महिनाअखेर आठवडाभरावर आली होती आणि राखाडी रंगाला कुणी विचारत नाही, हे त्यांनाही आता कळायला लागलं होतं. मास्तर समोरच्या लोखंडी सामानाच्या दुकानात गेले, हातोडी घेतली आणि घरी जाऊन दार फोडलं. म्हातारी सुखरूप होती. तिनं मुलाला एवढंच विचारलं, “बेल का नाही वाजवलीस?” निव्वळ अडकलेल्या सगळ्यांनीच पुढे हा मार्ग धरला. हातोडीवाल्यानं दारं फोडण्याचे व्हिडिओ टाकायला सुरुवात केली, सुतारानं ती पुन्हा बसवण्याचे. अध्यक्षांनी दोघांचंही अभिनंदन केलं. बाजार किती जोरात चालला होता! फक्त गावातली निम्मी दारं जागेवर नव्हती.

महिनाअखेर उजाडली. संघाच्या कार्यालयात समिती बसली. मामा आणि भाची आपली पाळी येण्याची वाट बघत बाकावर बसले होते. मामांचा नंबर पुकारणार, एवढ्यात अध्यक्ष ‘आलोच’ म्हणून उठले.

कार्यालयाचं स्वच्छतागृह फक्त अध्यक्षांसाठी होतं. साध्या सभासदानं ते वापरू नये म्हणून त्याला किल्लीचं कुलूप बसवलेलं होतं, आणि अध्यक्ष आत गेल्यावरही ते किल्लीनंच लावून घेत. त्या दिवशी हात धुताना किल्ली निसटली आणि बेसिनच्या भोकातून जिथं जायची तिथं गेली.

“अहो!” आतून आवाज आला. “कोण आहे का?”

सबंध समिती होती. तिनं मामांकडे पाहिलं. भाचीनं फोन उंच धरला. “मामा, असं दार पुन्हा मिळायचं नाही. लाइव्ह जातेय मी.”

मामा वाकले. तार आत घातली. आणि घात झाला. हात शेवटी सवयीचा गुलाम. खट! कुलूप उघडलं.

लाइव्हवर अजून बघायला कुणी आलंही नव्हतं. सबंध महिन्याची कमाई एका खटक्यात वाया जाणार होती आणि डोळ्यांसमोर तळघरातल्या टाकीची गार भिंत दिसत होती. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, तार उलटी फिरवली आणि कुलूप परत लावलं. आजवरच्या आयुष्यात त्यांनी उघडलेलं कुलूप कधी पुन्हा लावलं नव्हतं. त्यांना तशी सवय नव्हती. तारेचं टोक आतच मोडलं.

“अरेरे!” मामा म्हणाले, आणि या खेपेला ते खरं होतं. लोकांना फार आवडलं.

बघणारे वाढू लागले. समितीचे सभासद दारापासून हातभर अंतरावर उभे राहून आपापल्या फोनवर तेच दार बघत होते. तिथं ते जास्त स्पष्ट दिसत होतं. अध्यक्षांकडेही आत फोन होताच.

“मामा,” आतून दबका आवाज आला. “एवढे लोक माझ्यासाठी आलेत?”

“हो साहेब. उघडतोच आता.”

“थांबा! उघडू नका. बहिणीनं लिहिलंय, काळजी घे म्हणून. या बहिणीनं!” आत नाक शिंकरल्याचा आवाज झाला. मग घसा साफ झाला आणि अध्यक्षांनी जनतेला उद्देशून भाषण सुरू केलं. संकटात माणसाची पाठ ताठ हवी, आणि पाठ ताठ राहायला गादी कशी हवी, यावर ते बराच वेळ बोलले. लोक हार्टं टाकत होते. भाचीनं मत विचारलं: उघडावं की थांबावं? ‘थांबावं’ला प्रचंड बहुमत मिळालं.

मग अध्यक्षांच्या फोनची बॅटरी संपली.

आपल्याला किती लोक बघताहेत हे दिसेनासं होताच अध्यक्षांना आपण कुठे आहोत ते दिसलं. “उघडा,” ते म्हणाले. आत दिवा नव्हता. खिडकी नव्हती. “मामा! श्वास कोंडतोय हो माझा! उघडा!”

‘काय अभिनय आहे!’ कुणीतरी लिहिलं. ‘साहेब, पुन्हा एकदा करा ना.’

मामांनी तो आवाज ओळखला. असा आवाज दाराआडून त्यांनी जन्मभर ऐकला होता. त्यात गादी नव्हती, संघ नव्हता, नुसतं एक घाबरलेलं माणूस होतं. त्यांनी उसासा टाकला नाही. चष्मा पुसला नाही. दाराला कान लावला. “गप्प बसा सगळे,” ते म्हणाले.

“मामा, बोल ना काहीतरी!” भाची कुजबुजली. “लोक चाललेत!”

“जाऊ देत.”

“अरे, मूल्यमापन आहे! टाकीमागे बसशील!”

“बसतो. तू जरा तिकडे सर, माझ्या उजेडात आलीस.”

मोडलेलं टोक कुलपातून बाहेर काढायचं म्हणजे वाळूतून साखर वेचायची. मामा न बोलता, न हलता नुसते वाकून राहिले. ‘अडकलंय का?’ एकानं विचारलं. ‘बोअर,’ दुसऱ्यानं निदान केलं. बघणारे भराभर ओसरले आणि शेवटी खट झालं तेव्हा लाइव्हवर शेळीपालन संस्था तेवढी उरली होती.

अध्यक्ष बाहेर आले. घामानं निथळत होते. त्यांनी मामांचे दोन्ही हात धरले, डोळ्यांत पाणी आणलं आणि विचारलं, “सगळ्यात जास्त किती होते?”

समितीचा अहवाल दुसऱ्या दिवशी लागला. ‘सदर सभासदाची दृश्यमानता उत्तम. तथापि, दार प्रत्यक्ष उघडण्याच्या वेळी प्रेक्षकसंख्येत चिंताजनक घट आढळली. सबब, जिन्यासमोरील जागा सभासदाकडे राहील; दारे उघडण्याचे काम मात्र तेथून करता येणार नाही. ते तळघरात करावे.’

त्याप्रमाणे जिन्याच्या तोंडाशी आता हताश मामांचा पूर्ण उंचीचा पुठ्ठा उभा असतो, आणि लोक त्याच्याशेजारी उभे राहून फोटो काढतात. मामी तिथंच स्टुलावर बसतात. कुणी धापा टाकत आला, की त्या हातातलं मासिक खाली न ठेवता सांगतात, “खाली जा, टाकीच्या मागे. त्या पुठ्ठ्याशी बोलू नका, तो नुसता उसासे टाकतो. आणि पळा, दूध असेल ना गॅसवर?” खाली मामा तार घेऊन तयार असतात. धंदा पूर्वीपेक्षा बरा चालतो. उंदीर आहेत, पण ते कॅमेरा आणत नाहीत.

कार्यालयाच्या स्वच्छतागृहाची दुसरी किल्ली पहिल्यापासून समितीतल्या सचिवांच्या खिशात होती. पुढे काय होतंय ते त्यांनाही बघायचं होतं.