काटेपंतांचा कंपायलर

एका जंगलात सिंहापेक्षा संगणकाचा दरारा मोठा होता. तिथे नदीकाठच्या बिळात डोहाबाई नावाची पाणमांजर राहायची. पदरी चार पिल्लं, एकालाही अजून पोहता येत नव्हतं.

नदीवर संगणकावर चालणारी पूरघंटा होती. पाणी सातव्या खुणेला टेकलं की मोजपट्टी इशारा द्यायची आणि घंटा वाजायची. पण यंदा काठ ढासळला होता. पाणी सातव्या खुणेला पोचेपर्यंत बिळाचा डोह झाला असता. घंटेच्या प्रोग्राममध्ये साताच्या जागी पाच करायचे, बस्स.

डोहाबाई काटेपंतांकडे गेली. काटेपंत म्हणजे साळिंदर, जंगलाचे मुख्य संगणकतज्ज्ञ.

"पंत, तेवढा आकडा बदला. शुक्रवारी धरणाचं पाणी सोडणारेत."

"आकडा काय, चुटकीचं काम. पण मग प्रोग्राम पुन्हा बांधावा लागतो. तो बांधतो कंपायलर. आपलं लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवणारा दुभाषाच म्हणा. आपला आहे आयता आणलेला. वीस सेकंद घेतो मेला."

"वीस सेकंद थांबते की मी."

पंतांचे काटे उभे राहिले. "आयत्यावर काम करायला मी काय ससा आहे? मी कंपायलरच मुळापासून बांधणार. तोही जोडणीच्या वेळी काटछाट करणारा. प्रोग्रामचे सगळे तुकडे जोडताना सगळ्यांवर एकदम नजर टाकायची, आणि जे कुणी वापरत नाही ते छाटायचं."

मंगळवारी अगदी शेवटच्या जोडणीला मेमरी भरली आणि यंत्र आडवं झालं. पंतांनी हत्तीचं यंत्र मागून आणलं. बुधवारी काटछाट पूर्ण ठेवावी की हलकी, यावर पंतांचं आणि अस्वलाचं दिवसभर भांडण झालं. गुरुवारी कळलं, तुकडे जोडणारा प्रोग्राम जुना आहे, नव्या कंपायलरचं त्याला काही समजत नाही. मग जोडणाराही मुळापासून.

"पंत, आकडा?" डोहाबाई रोज विचारायची.

"बाई, आधी पाया, मग कळस."

शुक्रवारी सकाळी नवा कंपायलर उभा राहिला. आकडा बदलला. प्रोग्राम अकरा सेकंदांत बांधून झाला. माकडांनी टाळ्या वाजवल्या. डोहाबाई निर्धास्त होऊन मासे धरायला गेली.

दुपारी पाणी आलं. पाचवी खूण बुडाली, सातवी बुडाली. घंटा गप्प. नदीचा रंग बदललेला पाहून डोहाबाई जीव तोडून बिळाकडे पोहली. एकेक पिल्लू मानेला धरून तिने वर काढलं. चौथं एका मुळीला लोंबकळत होतं. तेही आलं. बीळ मात्र गेलं.

ती ओल्या अंगाने पंतांसमोर उभी राहिली. "घंटा वाजली नाही."

पंतांनी तपासलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "वाजेल कशी? घंटा वाजवणाऱ्या तुकड्याला आतून कुणीच बोलावत नव्हतं. बोलावणार ती मोजपट्टी, ती तर बाहेरची. ते कंपायलरला सांगून ठेवायचं राहिलंच. कंपायलरने सगळीकडे पाहिलं, तुकडा बिनकामाचा ठरवला आणि छाटला. पाहिलंत, काय बारीक नजर आहे."

"आणि माझं घर?"

"त्याचं वाईट वाटतं. पण प्रोग्राम निम्मा झालाय."

पुढच्या दरबारात सिंहाने नऊ सेकंद वाचवल्याबद्दल पंतांना शाल दिली. गर्दी करू नये म्हणून डोहाबाईला बाहेर थांबवलं होतं.

तात्पर्य : मुलांनो, आकडा बदलणारे होऊ नका. आकडा बदलायच्या हत्याराला धार लावणारे व्हा. आकडा चुकला तर शिव्या बसतात, धार चुकली तर तिला संशोधन म्हणतात. आणि नदीकाठी राहत असाल, तर पिल्लांना आधी पोहायला शिकवा.