बोटांचं कुलूप

दर बाजारच्या दिवशी तात्या माझ्या सेवा केंद्रात बोटांना कुलूप घालायला येतात.

आधारवरच्या ठशांना असं कुलूप लावता येतं. लावलं की कुठंही अंगठा दाबा, मशीन ओळख देत नाही. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर, त्या पदवीवर लोहारा तालुक्यात हे केंद्र चालवतो. ही सोय मागणारं गिऱ्हाईक मला आजवर एकच भेटलं.

"बीए," तात्या मला पदवीच्याच नावानं हाक मारतात, "बोटं माझी हायत. रेशनवाला म्हणतो दे, ब्यांकवाला म्हणतो दे, सिमवाला म्हणतो दे. उद्या परसाकडं जायला बी मागतेल."

तुळजापुरात लॉजवाल्यानं आधारची झेरॉक्स मागितली तर तात्या मुक्काम न करता माघारी फिरले. "म्या कुठं निजलो ते देवीला ठाऊक हाय. ह्याला कशाला पायजे?"

एवढ्यावर भागलं असतं तर माझी तक्रार नव्हती. पण एकदा लावलेलं कुलूप दर आठवड्याला तपासायचं.

"लागलेलंच आहे, तात्या."

"उघडल्याबिगर कळतं व्हय?"

म्हणजे उघडा, परत लावा. दोन्ही वेळा मोबाईलवर सहा आकडे येणार. ते तात्यांच्या फोनवर येत नाहीत, कुठं येतात हे ते सांगत नाहीत. स्क्रीनवर त्या नंबरचे शेवटचे चार आकडे दिसतात, त्यावर ते आपली टोपी धरतात. मी बटण दाबलं की बाहेर लिंबाखाली जातात. थोड्या वेळानं त्यांचा फोन वाजतो. ते आत येईपर्यंत दहा मिनिटं उलटून आकडे बाद झालेले असतात.

"गेला व्हय? मग परत पाठव."

मागं रांग कुरकुरते. मीही थकलोय. कधी लाइट नसते, कधी सर्व्हर, आणि दोन्ही असले की तात्या असतात.

गेल्या बाजारी त्यांचा मुलगा भारत त्यांना दंडाला धरूनच घेऊन आला.

"ह्यांच्या कार्डाला भलत्याच कुणाचा तरी नंबर हाय. माझा टाकाय उमरग्याला नेलं, तर मशीन म्हणतं बोटं बंद. तूच कुलूप घातलंस, तूच काढ."

 तात्यांनी टोपी स्क्रीनवर ठेवली. मी बटण दाबलं, ते बाहेर गेले.

रांग ओरडायला लागली तसा मी त्यांना बोलवायला उठलो. ते भिंतीकडं तोंड करून उभे होते.

"पहिला सांग, सुनंदा. पाच. हां. दात आले व्हय त्याला? … न्हाय, घाई न्हाय. दुसरा सांग."

सुनंदा त्यांची धाकटी. तीन वर्षांमागं दुसऱ्या जातीतल्या पोराशी लग्न करून हैदराबादला गेली. तेव्हा भावकीसमोर तात्या म्हणाले होते, "तिला माझ्याकडनं फोन जाणार न्हाय." तो शब्द त्यांनी पाळला होता. फोन तिचाच यायचा, आकडे सांगायला. घरात असताना कार्डाला नंबर तिनंच जोडून दिला असणार. तो बदलला की आकडे भारतच्या फोनवर येणार, आणि तिचा फोन यायचं कारणच उरणार नव्हतं.

मी हाक न मारता आत आलो.

"आला का आकडा?" भारतनं विचारलं.

"सर्व्हर स्लो आहे. बसा."

तात्या आले. मी हळूच टोपी बाजूला केली. आकडे बाद व्हायला अजून चार मिनिटं शिल्लक होती. त्यांनी स्क्रीनकडं पाहिलंच नाही, माझ्याकडं पाहिलं.

"बीए, गेला व्हय?"

"गेला, तात्या," मी म्हणालो. "परत पाठवतो."