अर्जनवीस शहारे यांचा घटनाक्रम

शहारेकाका कोणालाही शेवटापासून बोलू देत नसत. तिरोड्यात एका मयतीत मुलगा रडत सांगत होता, "बाबा गेले, पायरीवरून पडले." काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून हळूच दुरुस्ती केली, "आधी पडले, बापू. मंग गेले."

काका अर्जनवीस. तहसील कचेरीसमोर कडुनिंबाखाली टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहून देत. मोबाईल नुकतेच येऊ लागले होते, तेव्हा मी एका दैनिकाचा तालुका बातमीदार होतो आणि बातमीच्या शोधात त्यांच्या बाकावर बसत असे. लोक जिथं दुखतं तिथून सुरुवात करत. बोदलकसा तलावावरचा एक मासेमार "माझं डोकं फोडलं जी" म्हणत आला. काकांनी जाळं आधी कोणी टाकलं, इथून लिहायला घेतलं. अर्जात डोकं चौथ्या परिच्छेदात फुटायचं होतं. तिसऱ्यातच त्याला आठवलं की पहिली काठी त्यानंच उचलली होती. तो अर्ज न घेताच गेला.

तारखांचं त्यांना कौतुक नव्हतं. "तारीख चुकली तं दुरुस्त होते," ते म्हणत. "क्रम चुकला तं मार खाल्लेला मानूस गुन्हेगार होते." माझ्या बातम्यांत मृत्यू पहिल्या ओळीत असे. त्यावर त्यांचा शेरा ठरलेला: "तुमच्या पेपरात मानूस मेल्यावर जन्माले येते."

त्यांचा एकुलता मुलगा सुनील ट्रक चालवायचा. रायपूरहून परतताना कोहमाऱ्याजवळ अपघातात तो गेला. दोनेक वर्षांनी काकूंना विसर पडू लागला. गोंदियाच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा आजार वाढतच जाणार. काकूंचं मागचं-पुढचं एक झालं. जेवायच्या वेळी त्या विचारत, "अजी, सुनील कुठं हाय?"

काका त्यांच्याजवळ बसत आणि क्रमानं सांगत. सुनीलचं लग्न जुळलं. तो रायपूरला माल घेऊन गेला. परत निघाला. मग कोहमारा. काकू दर वेळी ते पहिल्यांदाच ऐकत. आक्रोश शेजारच्या घरांपर्यंत जाई. तासाभरात त्या विसरत आणि पुन्हा विचारत.

सांगू नका, असं मी एकदा म्हणालो. त्यांना ते पटलं नाही. मुलगा गेल्याचं आईपासून लपवायचं कसं, असं त्यांनी मलाच विचारलं. शिवाय तिचा आता फक्त माझ्यावर विश्वास आहे, म्हणाले. मीच खोटं बोललो तर ती कोणाला धरून राहील?

त्या उन्हाळ्यात काकूंचं खाणं सुटत गेलं. प्रत्येक ताट रडण्यात थंड होत होतं. डॉक्टरांनी काकांना बजावलं होतं की असंच चाललं तर त्या फार दिवस काढणार नाहीत. एका दुपारी मी गेलो, तेव्हा काका ताट घेऊन त्यांच्यासमोर बसले होते. काकूंनी घास हातात धरून सुनीलची चौकशी केली.

काकांनी चष्मा काढला. धोतराच्या सोग्यानं पुसला. पुन्हा घातला नाही.

"येऊन राहिला," ते म्हणाले. आमच्या भागात याचा अर्थ, वाटेत आहे.

काकूंनी घास तोंडात घातला. चावून, गिळून विचारलं, "कुठंवर आला जी?"

काकांनी दुसरा घास कालवला.

"कोहमारा पार झाला."