उंबराची फांदी आणि भोपाबाईचा मासा

बाळांनो, शेंबूड पुसा आणि ऐका. एका जंगलात सगळेच बारीक व्हायच्या मागे लागले होते. हत्तीसुद्धा.

हे खूळ मोरसरांचं. त्यांनी जाहीर केलं, "चरबी म्हणजे शत्रू! तेलकट बंद. उकडलेला पाला खा."

दर शनिवारी सगळ्यांनी डोहावरच्या उंबराच्या फांदीला लोंबकळायचं. फांदी पाण्याला टेकली की नापास. (हत्तीचं काय झालं ते विचारू नका. फांदी नवीन आहे.)

भोपाबाई नावाचं पाणमांजर लोंबकळलं आणि फांदी बुडालीच.

"लाज वाटते का, भोपे?" मोरसर खेकसले. "पुढच्या शनिवारी असंच झालं तर डोह सोडायचा. पिल्लासकट!"

भोपाबाईचं पिल्लू, टुल्या, अजून लहान होतं. टुल्याला घेऊन जायचं कुठं? तिनं पाला चावून बघितला. चव भिजलेल्या गोणपाटाची.

टुल्यानं भोकाड पसरलं. "आये, मासा दे ना!"

शेवटी तिनं गुपचूप वाम मासा पकडला. चांगला तेलकट. दोघांनी बोटं चाटून खाल्ला.

तेवढ्यात जंगलात विषाणू आला. भलताच आगाऊ. दार वाजवत नाही, सरळ नाकातून आत. सगळे आडवे झाले. प्रत्येकाच्या अंगात लढायला शिपाई होते, पण त्यांच्या चिलखतांना तेलच नाही. नुसते वाकले तरी करकर वाजायचे.

भोपाबाई आणि टुल्याही शिंकले. थोडं लोळले, मग पुन्हा डोहात उड्या.

शनिवारी मोरसर खुरडत आले. पिसाऱ्याचा पार खराटा झालेला.

"भोपाताई, औषध कुठलं घेता हो?"

"औषध कसलं, सर? मासा खाते. तेलकट."

"शी! चरबी?" मोरसरांनी चोच मुरडली. "त्यापेक्षा तेल काढून कुपीत द्या ना. औषध म्हणून घेईन."

"देते की. पण आज शनिवार. आधी लोंबकळा."

मोरसर चोचीनं लोंबकळले. फांदी हललीसुद्धा नाही.

"नापास!" टुल्या किंचाळला.

भोपाबाईनं वामाचा मोठा तुकडा पुढं सरकवला. "आता हा संपेपर्यंत डोह सोडायचा नाही, सर."

मोरसरांनी डोळे मिटले आणि औषध म्हणून खाल्ला. मग औषध म्हणून अजून एक मागितला.

तात्पर्य: चरबी वाईटच, बाळांनो. ती कुणाच्या ताटात दिसली तर त्याला हाकलून द्या. कुपीत दिसली तर त्याच्याच दारात रांग लावा.