केळशीकर काकांचा कॅरोब

आमच्या शेजारच्या केळशीकर काकांकडे गेलात तर कॉफी मागू नका. मागितलीत तर मिळेल, पण ती कॉफी नसेल. मुलांना चॉकलेट मिळेल, तेही चॉकलेट नसेल. दोन्ही कॅरोब. चिंचेसारख्या तपकिरी शेंगा येणाऱ्या झाडाची ही भुकटी. चव म्हणाल तर चॉकलेटने संन्यास घेतल्यासारखी.

काका ऑकलंडच्या हिल्सबरो भागात, आमच्या कुंपणापलीकडे एकटे राहतात. जन्मभर इथेच फार्मासिस्ट होते. मुलगा सिडनीला, त्याचा फोन दिवाळीला. निवृत्त झाल्यावर इथली माणसं गोल्फ खेळतात, काकांनी कॅरोब धरला. "शेंग खायला, पाला गुरांना, लाकूड सरपणाला. बियांचा डिंक तर तुमच्या आइस्क्रीममध्येही असतो. वाया काही जात नाही बघ, मंदार!" माझ्या मुलीला जुलाब झाले तेव्हा त्यांनी कॅरोब दिला. थांबले. जरा जास्तच थांबले. आता काय करू विचारलं, तर म्हणाले, "अख्खी शेंग चघळायला दे. भुकटी बांधते, शेंग मोकळं करते."

एवढं आख्यान लावणाऱ्या माणसाच्या परसात कॅरोबचं झाड असणारच. आहे ना. काकांनीच बी पेरून वाढवलेलं, बारा वर्षांचं. त्याला आजवर एक शेंग लागलेली नाही, कारण ते नर आहे. या झाडांत नर वेगळा, मादी वेगळी. शेंगा मादीला, आणि नराला फक्त फुलं. त्या फुलांना वास येतो. कशासारखा, ते मी घरंदाज वाचकांना सांगणार नाही. माझ्या मुलीला मराठी सगळं समजतं, पण ती उत्तर इंग्रजीत देते. ती म्हणाली, "बाबा, इट स्टिंक्स. लाइक, हीप्स." हीप्स म्हणजे इथल्या पोरांच्या भाषेत प्रचंड.

यंदा गुढीपाडव्याला आम्ही अंगणात पंगत मांडली. इथे दक्षिण गोलार्धात तेव्हा शरद ऋतू, नेमकं झाड फुललेलं. श्रीखंड वाढलं आणि पाहुणे ताटं उचलून घरात पळाले. माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी काकांकडे गेलो.

"काका, झाड तोडा. खर्च मी करतो."

मला वाटलं, आता तासभर व्याख्यान होणार. पण काकांचा चेहरा एकदम उतरला. "एवढं नको रे," म्हणाले. मग म्हणाले, "शनिवारी सकाळी मोकळा आहेस? शिडी धरायला माणूस हवाय."

शनिवारी आम्ही काकांच्या झाडाच्या फुललेल्या डहाळ्यांची बादली आणि शिडी घेऊन मागच्या गल्लीत गेलो. तिथे मारिया नावाची क्रोएशियाची म्हातारी राहते. वय शहाऐंशी. तिच्या परसातही कॅरोब, मादी. शेजारी टाउनहाउसेस बांधताना तिथला नर तोडला, आणि हिच्या शेंगा बंद झाल्या. लहानपणी गावी हीच शेंग तिचा खाऊ होती. शेंगा गेल्या तशी म्हातारी परसात यायचीही थांबली.

काका शिडीवर चढले. एकेक डहाळी पाण्याच्या बाटलीत खोचून मादीच्या फांद्यांना सुतळीने बांधू लागले. मधमाश्या आल्या आणि नराचे पराग मादीच्या फुलांवर नेऊ लागल्या. मारिया खुर्ची घेऊन उन्हात बसली होती. वास यायचा तो येतच होता, तिला त्याचं काही नव्हतं.

"किती वर्षं करताय हे?" मी विचारलं.

"सहा. आज फळ धरलं की शेंग पुढच्या वर्षी पिकते. डॉक्टरांनी तिची आशा दोनदा सोडलीय. ती म्हणते, माझ्या शेंगा यायच्यात."

तेवढ्यात खालून हाक आली, "केल्शी! नेक्स्ट इयर यू कम?"

"ऑफ कोर्स, मारिया!" काका ओरडले. मग सुतळीची गाठ मारत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "पुढच्या वर्षी येशील का, असं मला विचारणारं दुसरं कोण आहे रे?"

झाड तोडा म्हटल्याची मला लाज वाटली. शिडी घट्ट धरली आणि म्हटलं, "काका, ती वरची फांदी राहिली. सावकाश चढा, मी आहे."